बंगईवर कुणी नव्हतं

ताईबाई बोलली ते हसण्यावारी बोलली, आणि बोलताना तिचे हातही थांबले नाहीत. गच्चीवर गल्लीतल्या बायका बिबडे थापायला जमल्या होत्या. चैत्राचं ऊन अजून कोवळं होतं, शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबूस वाफ पातेल्यातून वर येत होती आणि ओल्या धोतरावर बिबड्यांची ओळ सरकत सरकत कठड्यापर्यंत गेली होती. "अक्का," ताईबाई म्हणाली, "तुमना अभिमननी तं तुमनी घागर भरी टाकी ना." दोघीतिघी फिसकन हसल्या आणि आपण कुणाच्या गच्चीवर बसलो आहोत हे आठवून गप्प झाल्या. सुंदरबाईंचा तळवा धोतरावर तसाच टेकलेला राहिला. धुळ्याच्या त्या गल्लीत सोयरीक जुळवायची असो की वाटणीचा तंटा मिटवायचा असो, शेवटचा शब्द अक्कांचा, असा पायंडाच पडून गेला होता. त्यांची थट्टा करण्याची छाती एकट्या ताईबाईची, तीही सख्खी शेजारीण आणि वयानं थोर म्हणून. "काय म्हणालीस?" सुंदरबाईंनी विचारलं. "मी नही म्हनत व माय, पेपरमा शे. चितरंस्मा. बठ्ठी दुन्या मरी गई आनि हाऊ एकलाच उरना. आते आखाजीले बठ्ठास्न्या घागरी भरस. तुमना वट्टावर बी एक शे. मी सोता देखी." आणि तिनं नातीला हाक मारून घरून तो अंक आणवलाही.

जळगावहून निघणाऱ्या त्या साप्ताहिकाच्या मागल्या पानावर आपला मुलगा अभिमन चित्रकथा काढतो, हे सुंदरबाईंना ठाऊक होतं. जसं एखाद्याला घरातल्या माणसाच्या खोकल्याची सवय असते तसं. शाळेत ड्रॉइंग मास्तर असलेला, तिशीला टेकलेला मुलगा संध्याकाळी माजघरात जमिनीवर पाट घेऊन बसतो, शाईची बाटली तांब्याच्या आडोशाला ठेवतो आणि पोरांसाठी काहीबाही रेखाटतो, यापलीकडे त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. कथेचं नाव 'उरलेला'. वैशाखातल्या एका दुपारी पांढरा वारा सुटतो, माणसं होती तिथून नाहीशी होतात आणि खानदेशात एकच पुरुष मागं राहतो, एवढं त्यांच्या कानावर होतं. असल्या अभद्र कल्पनेत काय रस वाटावा, असं म्हणून त्यांनी तो विषय बाजूला सारला होता. आता गच्चीवर, पिठानं माखलेल्या बोटांनी पानाला डाग पडू न देता, त्यांनी ते पान पाहिलं. गल्ली त्यांचीच होती. ताईबाईच्या दाराशेजारचा नळ, पलीकडचा वाकलेला विजेचा खांब, त्यांच्या घराचं निळं दार, सगळं ओळखू यावं असं. आणि प्रत्येक ओट्यावर एकेक नवी घागर, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्यांचं पान. त्यांच्या ओट्यावरही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची ती गेलेल्यांची. सुंदरबाईंनी सासऱ्यांची भरली होती, नवऱ्याची म्हणजे मोतीलालभाऊंची भरली होती. मातीच्या त्या ओल्या गारव्याची ओळख त्यांच्या हातांना होती. घागर भरली की त्या माणसाचं पाणी घरातल्या पाण्यापासून वेगळं होतं. जिवंत माणसाची कुणी भरत नाही. वैऱ्याचीही नाही.

त्यांना वाटलं की आपल्याला राग आला आहे. राग त्यांच्या परिचयाचा होता. तो आला की पाठ ताठ होई, आवाज खाली जाई आणि काम उरकत असे. पण हे काही वेगळंच होतं. कानशिलं तापली होती, आणि बायका आपल्याकडे न बघण्याची जी काळजी घेत होत्या ती अंगावरून खरखरीत कापड ओढल्यासारखी जाणवत होती. पोटच्या पोरानं आपल्याला चारचौघांत मारून टाकलं, आणि ते छापून गल्लीच्या घराघरांत वाटलं. संध्याकाळी अभिमन शाळेतून आला. हातपाय धुऊन, नेहमीप्रमाणे उंबऱ्याजवळच्या चटईवर बसला. "अक्का, बरं नाही का?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं. "बरी आहे. उद्या जळगावला काम आहे माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि बसल्या होत्या त्या बंगईची, घरातल्या जुन्या झोपाळ्याची, कडी वाजू न देता पायानं ती थांबवली.

जळगावात जीवरामचं कार्यालय एका छापखान्याच्या माडीवर होतं. जीवराम हा साप्ताहिकाचा संपादक. पण सुंदरबाईंच्या लेखी तो अजूनही बोदवडहून शिकायला आलेला आणि त्यांच्या घरी दोन वर्षं जेवलेला, भाजीत मीठ कमी असलं तरी न बोलणारा मुलगाच होता. त्यांना जिन्यात पाहून तो धावत खाली आला. "अक्का, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की." त्यांनी खुर्ची नाकारली. उभ्यानंच म्हणाल्या, "ते 'उरलेला' बंद कर." जीवरामनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाचक वाट बघतात हो. नुसती पोरं नाहीत, मोठी माणसंही. धरणगावच्या जिनिंगमधले लोक अंक पाळीपाळीनं वाचतात. आणि आता थोडंच राहिलंय, शेवटची पानं आलीसुद्धा आहेत, एक तेवढं पेन्सिलीत आहे. तुम्ही वाचलंय ना सगळं?" "जिवंत आईची घागर भरणाऱ्याचं वाचायचं असतं होय?" जीवराम काहीतरी बोलणार होता. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरच्या बाईशी वाद घालता येत नाही, हे त्याच्या खाली झुकलेल्या मानेवरून दिसलं, आणि सुंदरबाईंना तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. माना अशाच झुकायच्या असतात. त्यानं कपाटातून मूळ चित्रांचा गठ्ठा काढला, छापलेली पानं आणि न छापलेली एकत्र करून सुतळीनं बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "हे तुमच्याचजवळ असू द्या, अक्का. तो मागायला आला तर मला त्याच्याकडं बघवणार नाही."

धुळ्याच्या एस.टी.त त्यांना खिडकीची जागा मिळाली. काम फत्ते झालं होतं. असं एखादं काम उरकून परतताना त्यांना एक प्रकारची तृप्ती येत असे, पंगत उठल्यावर येते तशी. ती आज येईना. एरंडोलच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, गठ्ठा मांडीवरून घसरला, सुतळी सुटली आणि पानं पायाशी पसरली. शेजारच्या म्हाताऱ्यानं वाकून ती गोळा करायला मदत केली. एक पान हातात धरून तो म्हणाला, "हाऊ तं आपला सोनगीरना किल्ला शे ना, माय?" त्यांनी पाहिलं. किल्लाच होता. टोकावर एक माणूस उभा होता, पाठमोरा. खाली आग्रा रोडवर ट्रकांची रांग उभी, एकाही ट्रकात ड्रायव्हर नाही, एका ट्रकातला कापूस फुटून रस्ताभर उडतो आहे. चित्र इतकं निवांत होतं की सुंदरबाईंना क्षणभर त्या उंचीवरचा वारा तोंडावर आल्यासारखा वाटला. मग त्यांनी पानं क्रमानं लावली आणि वाचू लागल्या. वाचायचं म्हणून नाही, तर पसरलेलं घर आवरायचं म्हणून.

उरलेल्या माणसाला नाव नव्हतं. तो पहिल्या काही भागांत नुसता हाका मारीत हिंडत होता, पांझरेच्या पुलावरून, भाजीबाजारातून, सिनेमाच्या थिएटरातून. मग हाका संपल्या आणि तो वस्तूंना हात लावू लागला. ज्या ज्या ठिकाणी बसायची कधी प्राज्ञा नव्हती तिथं तिथं तो बसला. कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्यानं स्वतःलाच निर्दोष सोडलं. हेडमास्तरांच्या टेबलावर पाय ठेवून त्यानं पेरू खाल्ला. बोदवडच्या स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनात चढून तो शिट्टी वाजवीत राहिला. कुणा आमदाराच्या मंडपात फुलांनी मढवलेला कोच होता, त्यावर तो आडवा होऊन चक्क घोरत होता. सुंदरबाईंना हसू आलं, आणि ते आवरायला त्यांनी पदर तोंडाशी नेला. हा पोरगा इतका वात्रट आहे हे त्यांना माहीत नव्हतं. घरात तर तो कधी मोठ्यानं हसलेलाही त्यांना आठवत नव्हता. त्यांनी आठवून पाहिलं. गाडी पारोळ्याच्या स्टँडवर थांबली, कुल्फीवाला खिडकीखाली ओरडून गेला, तरी त्या आठवतच होत्या, आणि त्यांना तसं काही सापडेना.

मग त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक भागाच्या शेवटी तो माणूस घरी परततो. निळ्या दाराच्या घरी. खरं तर त्याला आता कुठंही राहता आलं असतं. कलेक्टरचा बंगला मोकळा होता. पण तो घरी येतो. ओट्यावर चपला काढतो, दोन्हींची टोकं बाहेरच्या बाजूला करून. पाय धुतो. दार लोटताना आवाज होऊ देत नाही. आणि उंबऱ्याजवळच्या चटईवर बसतो. त्याच्या समोर बंगई. सबंध चित्रकथेत घाईघाईच्या रेषांनी काढलेली शहरं होती, पण बंगई प्रत्येक वेळी तब्येतीनं काढलेली, पितळी कड्यांची एकेक कडी सुटी, फळीवरची गादी, गादीला बसून बसून पडलेला खळगा. बंगईवर कुणी नव्हतं. जगात कुणीच नव्हतं. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणारा, इंजिनाची शिट्टी वाजवणारा, हा एवढा थोरला पुरुष रिकाम्या बंगईसमोर मांडी घालून, मान किंचित खाली घालून बसत होता. एका पानावर तो फडक्यानं ती पुसत होता. एका पानावर खिडकीतून वारा येतो, बंगई आपोआप हलते, आणि तो हातातला घास ताटात ठेवून उठून उभा राहतो. त्या चित्राखाली एकही शब्द नव्हता.

सुंदरबाईंनी ते पान मांडीवर उपडं ठेवलं. बाहेर नांगरलेली काळी शेतं मागं मागं जात होती आणि उन्हानं डोळे दुखत होते. बंगई सासऱ्यांची. ते असेपर्यंत बायकांनी तिच्या कडीलाही शिवायचं नाही. ते गेले आणि दिवसपाण्याच्या चौदाव्या दिवशी सगळ्या भावकीसमोर सुंदरबाई तिच्यावर जाऊन बसल्या. कुणी काही बोलायच्या आत पायानं जमीन रेटून एक झोका घेतला. आणि त्या घरात कुणाचा शब्द चालणार हे एका झोक्यात ठरून गेलं. मोतीलालभाऊंनी आपली खुर्ची भिंतीकडे सरकवून घेतली. त्या झोक्याचा सुंदरबाईंना आजवर अभिमान होता. मुलाचं अभिमन हे नाव तर त्याच्या आधीच ठेवलेलं होतं. तो सहा-सात वर्षांचा असेल. त्या विहिरीवरून आल्या तेव्हा तो बंगईवर उभा राहून झोके घेत होता, कड्या करकरत होत्या, तो काहीतरी गात होता. त्यांनी मारलं नाही, बोलल्या नाहीत. फक्त पाहिलं. त्यानं चालत्या झोक्यातून उडी मारली, गुडघा फुटला, रडला नाही. आपण मुलावर कधी हात उगारला नाही, असं त्या बायकांना सांगत. ते खरंच होतं. उगारावा लागलाच नव्हता कधी. आणि आता त्यांना कळलं की त्या एका बघण्याला जगबुडीही पुरी पडलेली नाही. माणसं संपली, सरकारं संपली, आगगाड्या थांबल्या, आणि ती नजर मात्र त्या खोलीत अजून शिल्लक आहे. उरलेला तो एकटा नव्हता. काल गच्चीवर वाटली ती लाज लोकांची होती. ती लोकांबरोबर खाली उतरून गेली असती. ही कुठं जाणार, ते त्यांना दिसेना.

घागरींचं पान आलं, गल्लीतल्या बायकांनी पाहिलेलं. त्यानंतरची पानं छापायची राहिली होती. उरलेल्यानं कुंभाराच्या आव्यातून घागरी वाहून आणल्या होत्या. गल्लीत आता दुसरं कुणी नाही, तर सगळ्यांना पाणी आपणच द्यायचं, म्हणून. नावं घेत घेत तो एकेका ओट्यावर पाणी ओतत जातो. स्वतःच्या ओट्याशी येतो. घागर मांडलेली, डांगर ठेवलेलं, फक्त पाणी घालायचं. तो कळशी कलती करतो आणि थांबतो. पुढच्या चित्रात त्यानं डांगर उतरवलं आहे. त्याच्या पुढच्या चित्रात ती कोरडी घागर उचलून आत नेऊन त्यानं कोनाड्यात पालथी ठेवली आहे. "अक्का गेलेली नाही," तो बंगईकडे बघून म्हणतो. "अक्का बाहेर गेली आहे. येईल." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दोन माणसांचा स्वयंपाक करतो.

शेवटचं पान नुसतं पेन्सिलीत होतं. शाई चढायची होती. निळं दार आतून दिसतं. बाहेरून कुणीतरी कडी उचललेली आहे. चटईवरचा माणूस दाराकडे वळला आहे, एक हात जमिनीवर टेकून अर्धवट उठला आहे. आणि त्याला चेहरा नाही. जिथं चेहरा यायचा तिथं कागद पांढरा. सुंदरबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. तिथं कागद पातळ झाला होता, खोडून खोडून त्याला लव सुटली होती. दार वाजल्यावर त्याला हायसं वाटलं, की धास्ती वाटली? अख्ख्या जगात उरलेल्या दुसऱ्या एका माणसाची चाहूल लागली, आणि ते माणूस आपण होतो. त्यांना ते जाणून घ्यायचं होतं. इतक्या तीव्रतेनं त्यांनी पूर्वी काही जाणून घ्यायचं इच्छिलं होतं असं त्यांना आठवेना. आणि ते आता कधीच काढलं जाणार नव्हतं, कारण सकाळी जळगावात उभ्या उभ्या एका वाक्यात त्यांनी ते बंद करून टाकलं होतं.

स्टँडवरून त्या चालतच निघाल्या. दिवस कलला होता, गल्लीत नळाचं पाणी आलेलं, हंडे कळशा दारादारांत. ओट्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्यांनी तो आवाज ऐकला. कड्यांचा. संथ, लांब झोक्याचा. जमिनीला पाय लावून रेटणाऱ्याचा, निवांत माणसाचा. आत कुणीतरी गुणगुणतही होतं. सूर बरा होता. त्यांचा हात कडीपर्यंत गेला. उचलली असती तर त्यांना हवा होता तो चेहरा त्याच क्षणी दिसला असता, खोडायला वेळच न मिळालेला. हात तिथंच राहिला. मग त्यांनी तो परत घेतला, गठ्ठा पोटाशी धरला आणि आपल्याच ओट्यावर, पाहुणी बसते तशा, कडेला टेकल्या. आत झोका चालू होता. त्यांना वाटलं, तो चालू राहावा. अंधार पडेपर्यंत बसायची त्यांची तयारी होती.

"अक्का, कवय उनात?" पलीकडच्या ओट्यावरून ताईबाईनं गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं. "आनि भाईर का बरं बठनात?"

आतला आवाज तुटला. दोरी कापावी तसा. मग फळीवरून फडकं फिरल्याची सळसळ, आणि दार उघडलं. अभिमन उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखा तो चेहरा त्या वर्षानुवर्षं पाहत आल्या होत्या आणि त्यालाच सालस म्हणत आल्या होत्या. "या अक्का. उन्हाचा त्रास झाला का?" त्यानं त्यांच्या हातातला गठ्ठा पाहिला आणि नजर काढून घेतली. "मघाशी ताईबाईंच्या फोनवर जीवरामकाका बोलले. मला कळलं." सुंदरबाईंनी बोलायला तोंड उघडलं. माझी चूक झाली, एवढेच शब्द होते, दुसऱ्यांच्या तोंडून त्यांनी ते पुष्कळदा वदवून घेतले होते. "बरं झालं म्हणा," अभिमनच पुढं म्हणाला, त्यांना सोपं जावं म्हणून, "मलाही शेवट जमत नव्हता."

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "सगळं. गाडीत." त्यानं दार पूर्ण उघडून धरलं. "चेहरा का नाही काढलास?"

"काढला होता. बऱ्याचदा."

"कसा?"

त्यानं दाराच्या कडीकडे पाहिलं. "दर वेळी वेगळा यायचा, अक्का. कुठलाच खोटा वाटायचा नाही. म्हणून खोडायचो."

"पुरं कर ते," सुंदरबाई म्हणाल्या. "मी जीवरामला सांगते. छापायला लाव म्हणून सांगते त्याला." "बरं," तो म्हणाला, मान किंचित खाली घालून, ताबडतोब; आणि त्या 'बरं'मध्ये त्यांना ऐकू आलं की आपण पुन्हा हुकूमच सोडला आहे, दुसरं काही सोडायला आपल्याजवळ शब्दच नाहीत. बंगईवर बैस, असंही त्यांना म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तो बसला असता. म्हणून त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी गठ्ठा त्याच्या हाती दिला, ओट्यावर चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि तिथल्या तिथं, त्याच्या चटईवर, भिंतीला हात टेकत खाली बसल्या. जमीन गार होती. इथून खोली वेगळी दिसत होती. बंगई उंच, आणि थोडी पुढं झुकल्यासारखी.

"अक्का, तिथं कशाला," तो पुटपुटला.

"असू दे. पाय दुखताहेत."

तो उभाच राहिला, गठ्ठा छातीशी धरून. त्याला बसायला आता जागा कुठली उरली होती, हे दोघांनाही कळत होतं. मधोमध बंगई अजून हलत होती, त्यानं घाईनं उतरताना दिलेल्या झोक्यानं, रिकामी. एरवी त्यानं पुढं होऊन ती हातानं धरली असती. एरवी त्यांनीच नजरेनं ती थांबवली असती. कड्या अगदी बारीक करकरत होत्या, कमी कमी होत. दोघं ती थांबण्याची वाट बघत राहिले, आणि दोघांपैकी कुणीही तिला हात लावला नाही.